पुढच्या वेळी मुलगाच : एका जुन्या गैरसमजाचा इतिहास

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. बाप्तिस्म्याचा विधी आटोपून मी चर्चच्या कार्यालयात नोंदवही उघडून बसलो होतो. बाळाचे नाव, आईवडिलांची नावे, धर्ममातापित्यांची नावे लिहून झाली. बाळाची आजी समोरच्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, "फादर, सुनेची ही चौथी मुलगी. आता मुलींचा हिशेब पुरा झाला. पुढच्या वेळी मुलगाच, नाही का?" तिच्यासोबत आलेल्या शेजारीणबाईंचे मत नेमके उलटे होते. त्या म्हणाल्या, "अगं, काही घरांत मुलीच व्हायच्या. हिच्या माहेरी बघ ना, पाच बहिणी!" बाळाला मांडीवर घेऊन बसलेली सून मात्र खाली मान घालून फरशीकडे पाहत होती. मी हसून वेळ मारून नेली. अशा वेळी हसणे धर्मगुरूला फार सोपे असते.

त्या रात्री मात्र ते हसणे मला बोचत राहिले. कारण त्या आजीने जे म्हटले, ते मी पूर्वी वाचले होते. आणि तेही एका गणितज्ञाच्या पुस्तकात, जिथे त्याने ते मानवी बुद्धीला पडणाऱ्या भ्रमाचा नमुना म्हणून नोंदवून ठेवले होते.

हा गणितज्ञ म्हणजे पिएर-सिमों लाप्लास. त्याचा जन्म फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील बोमों-आं-ओज ह्या लहानशा गावी १७४९ साली झाला. गावातील शाळा बेनेडिक्टाईन मठवासीयांच्या हाती होती. पोराने धर्मगुरू व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून सोळाव्या वर्षी त्याला कां येथील विद्यापीठात ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी पाठविण्यात आले. तेथे त्याला गणिताची गोडी लागली आणि ख्रिस्तसभेचा एक संभाव्य धर्मगुरू ग्रहताऱ्यांच्या गतीचे गणित मांडण्यात रमून गेला. उतारवयात, १८१४ साली, त्याने संभाव्यतेवर सामान्य वाचकांसाठी एक तत्त्वचिंतनात्मक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक संपूर्ण प्रकरण संभाव्यतेचा अंदाज करताना आपल्याला होणाऱ्या भ्रमांविषयी आहे.

त्या प्रकरणात दोन उदाहरणे जवळजवळ येतात. पहिले फ्रान्सच्या सरकारी सोडतीचे. एखादा आकडा बरेच दिवस निघाला नाही की लोक त्याच्यावर पैसे लावण्यासाठी झुंबड करतात. इतके दिवस थांबलेला आकडा आता इतरांच्या आधी निघालाच पाहिजे, असे त्यांना वाटते. दुसरे उदाहरण पित्यांचे. ज्यांना मुलाची तीव्र आस होती असे काही गृहस्थ लाप्लासने पाहिले होते. आपल्या पत्नीच्या बाळंतपणाच्या महिन्यात इतरांच्या घरी मुलगे जन्मल्याची वार्ता आली की ते चिंताक्रांत होत. महिनाअखेर मुलगे आणि मुली ह्यांचे प्रमाण ठरलेलेच भरणार, तेव्हा आधीच्यांनी मुलगे 'संपवले' तर आपल्या वाट्याला मुलगी येणार, हा त्यांचा हिशेब! सोडतीच्या तिकिटापाशी उभा असलेला मनुष्य आणि पाळण्यापाशी उभा असलेला पिता ह्या दोघांची चूक एकच आहे, हे लाप्लासने ओळखले होते.

सोडतीची कथा मुळात फ्रान्सची नव्हे, इटलीची. सोळाव्या शतकात जेनोवाच्या प्रजासत्ताकात राज्यकारभाराच्या पदांसाठी १२० उमरावांची नावे एका पात्रात घालून वर्षातून दोनदा पाच नावे काढीत असत. चिठ्ठी टाकून माणूस निवडण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड तशीच झाली होती. पण जेनोवाचे लोक व्यापारी वृत्तीचे. कोणाचे नाव निघणार ह्यावर ते पैजा लावू लागले. पुढे नावे गेली, आकडे आले. १२० चे ९० झाले. नव्वदातून पाच काढण्याचा खेळ इटलीभर पसरला आणि 'लोत्तो' म्हणून स्थिरावला. जेनोवातील त्या जुन्या पात्राला 'सेमिनारियो' म्हणत, म्हणून त्या खेळाचे एक नाव 'सेमिनारियोचा लोत्तो' असेही होते. सेमिनरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या मला हे प्रथम वाचले तेव्हा हसू आवरले नाही.

रोममध्ये ह्या खेळाने पोपमहोदयांनाही पेचात टाकले. तेरावे बेनेडिक्ट ह्यांनी लोत्तोवर कडक बंदी घातली आणि तो खेळणाऱ्यांस बहिष्काराची शिक्षा सांगितली. त्यांच्यामागून आलेले बारावे क्लेमेंट ह्यांनी १७३१ साली तो पुन्हा सुरू केला आणि त्याचे उत्पन्न सार्वजनिक कामांकडे वळवले. आज रोमला जाणारा प्रत्येक यात्रेकरू ज्या त्रेव्ही कारंज्यात पाठमोरा उभा राहून नाणे टाकतो, त्या कारंज्याच्या बांधकामात ह्याच खेळाचा पैसा आहे. ह्यावर मी अधिक भाष्य करीत नाही.

लोत्तोचे गणित साधे आहे. नव्वदातून पाच आकडे निघतात; म्हणजे कोणताही एक आकडा एका सोडतीत निघण्याची शक्यता अठरात एक. मागच्या वेळी तो निघाला असो वा नसो, गोळ्या पुन्हा पात्रात जातात, पात्र पुन्हा फिरते आणि शक्यता पुन्हा अठरात एकच राहते. आपण नोंदवही ठेवतो; त्या पात्रात मात्र कोणतीही नोंदवही नसते.

हे इतके सोपे असूनही माणसाचे मन ते का स्वीकारीत नाही, ह्याची सर्वांत करुण साक्ष आपल्याच हयातीत इटलीने दिली. त्या वेळी देशात दहा शहरांच्या दहा वेगवेगळ्या सोडती आठवड्यातून दोनदा निघत. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा मे २००३ मध्ये निघाला आणि नंतर जणू गायबच झाला. महिने गेले, वर्ष गेले. 'उशीर झालेला' आकडा म्हणून लोक त्याच्यावर पैसे लावू लागले. जितका उशीर वाढला, तितकी रक्कम वाढली. आज नाही म्हणजे परवा नक्की, अशा हिशेबाने मागचे बुडालेले भरून काढण्यासाठी पुढची रक्कम दुप्पट होई. लोकांनी राहती घरे गहाण टाकली. बचत उधळून बसलेल्या एका स्त्रीने समुद्रात जीव दिल्याची, आणि फ्लॉरेन्सजवळ एका कर्जबाजारी माणसाने पत्नीला व मुलाला गोळ्या घालून स्वतःलाही संपवल्याची वार्ता जगभरच्या वृत्तपत्रांत आली. अखेर १८२ सोडती कोरड्या गेल्यानंतर ९ फेब्रुवारी २००५ रोजी ५३ निघाला. तोवर त्या एका आकड्यावर साडेतीनशे कोटी युरोंच्या आसपास रक्कम लागली होती, असे सांगतात. ज्यांचा आकडा त्या दिवशी लागला त्यांनाही लावलेल्या रकमेच्या साधारण अकरा पटच मिळाले. शक्यता अठरात एक असताना न्याय्य मोबदला अठरा पटींचा झाला असता.

येथे कोणी विचारील, "पण फादर, १८२ वेळा एखादा आकडा न निघणे ही अघटित गोष्ट नव्हे काय?" मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. एका ठराविक आकड्याची अशी दडी मारण्याची शक्यता सुमारे तेहेतीस हजारांत एक भरते. फारच दुर्मीळ! पण व्हेनिसचा ५३ हा काही एकटा नव्हता. दहा शहरे आणि प्रत्येकी नव्वद आकडे, म्हणजे नऊशे आकडे एकाच वेळी आपापल्या वाटेने येत-जात होते. प्रत्येक आकडा वर्षाकाठी सरासरी पाचसहा वेळा निघून पुन्हा नव्याने दडी मारू लागत होता. हे सारे धरले तर कोठल्या तरी शहरात, कोणता तरी आकडा इतका काळ बेपत्ता होणे दर सहा-सात वर्षांनी एकदा अपेक्षितच ठरते. जे अघटित वाटले ते नेहमीचेच होते. फक्त ते कोणत्या आकड्याच्या बाबतीत घडेल हे आधी कोणाला ठाऊक नव्हते.

परदेशातील माणसांना हसण्याचे कारण नाही. मुंबईत मटक्याच्या भरभराटीच्या काळात, मागच्या आकड्यांचे तक्ते गुडघ्यावर पसरून 'कोणता यायचा बाकी आहे' ते शोधणारी माणसे मी शाळकरी वयात चाळीच्या जिन्यावर पाहिलेली आहेत. त्यांच्यात अडाणी फारसे कोणी नव्हते. हिशेबात पक्के असलेले कारकून होते.

आता प्रश्न असा, की ही चूक येते कोठून? माझे मत असे, की ती अज्ञानातून येत नाही, तर एका खऱ्या नियमाच्या अर्धवट ज्ञानातून येते. तो नियम स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील याकोब बर्नुली ह्याने सिद्ध केला. हाही मूळचा ईशज्ञानाचा पदवीधर. १६७६ साली त्याने ती पदवी घेतली आणि मग वडिलांच्या इच्छेविरुद्ध गणिताकडे वळला. (गणिताने आमच्याकडून किती माणसे पळवली ह्याचा एक स्वतंत्र लेख होईल!) आपल्या सिद्धांतावर त्याने वीस वर्षे चिंतन केले. १७०५ साली तो वारला आणि त्याचा ग्रंथ आठ वर्षांनी, १७१३ मध्ये, प्रसिद्ध झाला. सिद्धांत थोडक्यात असा : नाणे पुष्कळ वेळा उडवले तर छाप्यांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ जवळ येत जाते, आणि जितक्या अधिक वेळा उडवावे, तितके ते निम्म्यापासून दूर असण्याची शक्यता कमी होत जाते.

हा नियम आपण सर्वांनी कोठे ना कोठे ऐकलेला असतो आणि आपण त्याचा अर्थ असा लावतो, की निसर्ग एखाद्या चोख सावकारासारखा खातेवही ठेवून बसला आहे. छापे जास्त पडले की तो काटे पाठवून बाकी फेडतो. बर्नुलीने असे काहीही म्हटलेले नाही. तो प्रमाणाविषयी बोलत होता, बाकीविषयी नव्हे.

हा भेद समजून घ्यायला एका बंदिवानाची मदत होते. जॉन केरिक नावाचे दक्षिण आफ्रिकेतील एक गणिताचे प्राध्यापक १९४० साली सासुरवाडीच्या माणसांना भेटण्यासाठी डेन्मार्कमध्ये गेले होते. एप्रिलमध्ये जर्मन सैन्य देशात शिरले आणि केरिक जटलंडमधील एका छावणीत स्थानबद्ध झाले. हाती वेळच वेळ होता. त्यांनी एक नाणे दहा हजार वेळा उडवले आणि प्रत्येक वेळचा निकाल नोंदवून ठेवला. युद्धानंतर, १९४६ साली, तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

पहिल्या शंभर वेळांत छापे पडले ४४, म्हणजे निम्म्यापेक्षा सहा कमी. हजार वेळा झाल्यावर छापे होते ५०२, फरक दोनचा. येथवर सावकाराची उपमा शाबूत राहते. पण पाच हजारांना छापे २,५३३ झाले, फरक तेहेतीस. आणि दहा हजारांना ५,०६७, फरक सदुसष्ट! म्हणजे सहाची बाकी फिटली नाही. उलट दुसऱ्या बाजूला दहापटीहून अधिक झाली. तरीही शेकडेवारी पाहिली तर ४४ वरून ती ५०.६७ वर आली, म्हणजे निम्म्याच्या कितीतरी जवळ गेली. बर्नुली खरा ठरला आणि सावकार मात्र कोठेच भेटला नाही. विहिरीत पडलेला मिठाचा खडा कोणी बाहेर काढीत नाही. पाणी एवढे असते की तो चवीला लागत नाही, इतकेच.

केरिकच्या नोंदींतील आणखी एक भाग मला अधिक बोलका वाटतो. पहिल्या दोन हजार वेळांत, लागोपाठ चार छापे पडल्याचे प्रसंग १३० आले. अशा वेळी पाचव्यांदा काय पडले? आमच्या आजीच्या हिशेबाने बहुतेक वेळा काटा पडायला हवा होता. प्रत्यक्षात ६९ वेळा छापाच पडला आणि ६१ वेळा काटा. नाण्याला आधीच्या चार छाप्यांची आठवण नव्हती.

मी स्वतः हा खेळ रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात करून पाहतो. अर्ध्या मुलांना नाणे शंभर वेळा उडवून निकाल लिहायला सांगतो; उरलेल्यांना नाणे न उडवता, मनानेच शंभर निकाल लिहायला सांगतो. मग कागद एकत्र करून कोणता खरा व कोणता रचलेला ते ओळखून दाखवतो. मुलांना हा चमत्कार वाटतो. त्यात युक्ती एवढीच, की खऱ्या कागदावर बहुधा कोठेतरी सलग सहा छापे किंवा सहा काटे सापडतात; मनाने रचणारे मूल मात्र तीन-चार झाले की घाबरून दुसरी बाजू लिहिते. बाप्तिस्म्याच्या वहीतही सलग सहा-सात मुलींची पाने असतात. ती पाहून पूर्वी मलाही काही संकेत असावा असे वाटत असे.

नोंदवह्यांचा विषय निघालाच आहे, तर ह्या इतिहासातील त्यांचे स्थान सांगणे मला आवश्यक वाटते. कारण लांब पल्ल्याचा नियम माणसाने जुगाराच्या मेजावर जितका अभ्यासला तितकाच धर्मग्रामांच्या वह्यांत अभ्यासला. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवणे धर्मग्रामप्रमुखांस बंधनकारक केले आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे वहीत उतरविण्यास सांगितले. इंग्लंडमध्ये तर त्याआधीच, १५३८ पासून, अशा वह्या ठेवण्याचा हुकूम झाला होता. सतराव्या शतकात लंडनमध्ये जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका व्यापाऱ्याने अशा नोंदींचे संकलन करून १६६२ साली दाखवून दिले, की शहरात तेरा मुलींमागे चौदा मुलगे जन्मतात.

पुढे १७१० साली राणी ॲनचे वैद्य जॉन अर्बथनॉट ह्यांनी १६२९ पासूनच्या ८२ वर्षांचे लंडनचे बाप्तिस्म्याचे आकडे घेतले. एकूण एक वर्षी मुलगे मुलींपेक्षा अधिक होते. जन्म म्हणजे निव्वळ समसमान छापा-काटा असता, तर ८२ वेळा लागोपाठ एकच बाजू पडण्याची शक्यता इतकी नगण्य, की ती लिहायला छेदस्थानी पंचवीस अंकी संख्या लागते. म्हणून, अर्बथनॉट म्हणतात, हे योगायोगाने घडलेले नाही. पुरुषांचे आयुष्य अधिक धोक्याचे, त्यांची तूट भरून निघावी म्हणून ही ईश्वरी योजना आहे.

धर्मगुरू ह्या नात्याने हा निबंध मला अतिशय आवडायला हवा. पण त्याला याकोबचा पुतण्या निकोलस बर्नुली ह्याने जे उत्तर दिले ते गणित म्हणून अधिक बिनतोड आहे. तो म्हणाला, पस्तीस बाजूंचा एक फासा कल्पा. अठरा बाजू मुलग्यांच्या, सतरा मुलींच्या. असा फासा हजारो वेळा टाकला तर दरवर्षी मुलगे अधिक भरतील, आणि त्यात योगायोगाबाहेरचे काही नसेल. अर्बथनॉटने फक्त 'फासा समसमान नाही' एवढेच सिद्ध केले होते. ह्यावर लंडनवासी गणितज्ञ अब्राहाम द म्वाव्र ह्याने प्रत्युत्तर दिले, की मग असा फासा घडवणारा कोणी तरी असेलच की! वाद तेथेच थांबला असे नाही. मला मात्र ईश्वराची योजना त्या फाशाच्या घडणीत शोधणे अधिक प्रशस्त वाटते. प्रत्येक घरी पाचव्या वेळी हात घालून हिशेब जुळवण्यात नव्हे.

लाप्लासने ह्या वह्या पुन्हा हाती घेतल्या. त्याला फ्रान्सभर २१ मुलींमागे २२ मुलगे असे प्रमाण आढळले. पण बर्गंडीतील व्हितो ह्या लहान गावी पाच वर्षांत ४१५ जन्म झाले आणि त्यांत मुलगे २०३, मुली २१२. म्हणजे गंगा उलटी वाहिलेली! त्या गावच्या पाण्यात काही आहे काय? लाप्लासने हिशेब करून सांगितले, की तसे मानण्याचे कारण नाही. अपेक्षा सुमारे २१२ मुलग्यांची होती, निघाले नऊ कमी. आणि एवढ्या लहान वहीत दहाएकांचा फरक नित्याचाच असतो.

पॅरिसची गोष्ट निराळी होती. तेथे प्रमाण २४ मुलींमागे २५ मुलगे, म्हणजे देशापेक्षा थोडे कमी. फरक चिमूटभर दिसतो; पण वही प्रचंड होती, आणि मोठ्या वहीत चिमूटभर फरकही दुर्लक्षिता येत नाही. लाप्लासने कारण शोधले. टाकून दिलेल्या अर्भकांच्या पॅरिसमधील आश्रमात खेड्यापाड्यांतूनही मुले आणली जात आणि त्यांची नोंद पॅरिसच्या जन्मांत होई. १७४५ ते १८०९ ह्या काळात त्या आश्रमात मुलगे आले १,६३,४९९ आणि मुली १,५९,४०५. वरवर पाहता मुलगेच जास्त. पण निसर्गाच्या २२:२१ ह्या प्रमाणाने पाहिले तर मुली सुमारे सतराशेंनी अधिक भरतात. योगायोगाने एवढ्या वहीत पाचसहाशेंपलीकडे फरक पडणे दुर्मीळ. खेड्यातील आईबाप मुलगा ठेवून घेत होते आणि मुलगी सोडून देत होते. ती मुले वजा केली, तेव्हा पॅरिसचे प्रमाण देशाच्या प्रमाणाशी जुळले. आश्रमाच्या दारात कोणी तसे बोलून दाखवले नसेल. पासष्ट वर्षांच्या वहीने ते सांगितले.

हे वाचून मला आपल्या राज्याच्या जनगणनेची आठवण न होणे अशक्य होते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम, केला; केंद्राचा कायदा १९९४ साली आला. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या. २००१ साली ९१३ झाल्या. २०११ साली ८९४. निसर्गाचा फासा हजारामागे साधारण ९५० मुली देतो. व्हितोसारख्या गावात असा फरक मी योगायोग म्हणून सोडून दिला असता. पण २०११ ची ही गणना सव्वा कोटीहून अधिक बालकांची आहे. ९५० हे प्रमाण धरून मी हिशेब केला, तर जवळजवळ चार लाख मुली कमी भरल्या. २०२१ साली व्हायची गणना लांबणीवर पडली.

म्हणजे पाहा, एकच नियम दोन निवाडे देतो. एका घरी चार मुली झाल्या, तर त्यात कोणाचा दोष नाही, शाप नाही, संकेतही नाही. समसमान धरले तरी चार अपत्यांच्या दर सोळा कुटुंबांत एका घरी हे व्हायचेच. त्यातून कोणाचा दोष काढायचाच झाला, तर तो सुनेचा तर मुळीच नव्हे. अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते, हे १९०५ साली नेटी स्टीव्हन्स ह्या अमेरिकन संशोधिकेच्या कामातून स्पष्ट झाले. परंतु कोटीभर मुलांच्या वहीत तूट पडली, तर तेथे योगायोगाच्या पदराआड लपता येत नाही.

शेजारीणबाईंचे म्हणणेही सोडून देऊ नये. काही घरांत पारडे एका बाजूला किंचित झुकलेले असू शकते, असे अलीकडच्या काही संशोधनांतून सूचित झाले आहे. पण झुकलेच तर ते त्याच बाजूला झुकते, परतफेडीच्या बाजूला नव्हे. त्यामुळे आजीच्या अपेक्षेला तेथूनही आधार मिळत नाही.

पंधरा दिवसांनी ती सून बाप्तिस्म्याचा दाखला घेण्यासाठी एकटीच आली. दाखल्यावर शिक्का मारीत असताना तिने हळूच विचारले, "फादर, सासूबाई म्हणतात ते खरं आहे का? डॉक्टरीण म्हणते, आता पुरे, अंगात रक्त नाही. पण घरी सगळे म्हणतात, आता मुलगा ठरलेलाच आहे."

ह्या वेळी मी हसलो नाही. "शंभरात एक्कावन्न," मी म्हणालो. "पहिल्या खेपेला होती तेवढीच शक्यता. त्याहून एकानेही जास्त नाही."

तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे मुलगी होण्याची एकोणपन्नास."

"होय."

"मग हे तुम्ही घरी येऊन सांगाल का? माझं कोणी ऐकणार नाही."

गुरुवारी संध्याकाळी मी गेलो. सूनबाईच्या नवऱ्याला आणि आजीला समोर बसवले, डॉक्टरिणीचे म्हणणे आधी काढले, आणि मग केरिकच्या नाण्याची हकिकत जमेल तशी सांगितली. नवरा मान खाली घालून ऐकत होता. आजीने मध्येच थांबवून विचारले, "म्हणजे फादर, ह्या चार मुलींचं देवाच्या वहीत आमच्या नावावर काहीच जमा नाही?"

"ह्या खात्यात नाही, आजी."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आत वळून सुनेला म्हणाली, "बाळी उठली असेल तर आण गं बाहेर. फादरांनी तिला त्या दिवसानंतर पाहिलं नाही."